बर्फ बसतंय

४ ऑक्टोबर

आज कुरामाता गावात सून म्हणून पाऊल टाकलं आणि टाकताच हसं करून घेतलं. घराच्या मागच्या अंगाला, वरच्या मजल्याच्या खिडकीखाली, जोडे ठेवायची फळी ठोकलेली आहे. मी विचारलं, इथली पाखरं जोडे काढून घरात येतात का? गिहेई, म्हणजे आमचे हे, पोट धरून हसले. म्हणाले, "नुई, जानेवारीत बघ, सगळं गावच पाखरू होतं. तेव्हा तोच आपला पुढचा दरवाजा." मला वाटलं, नव्या बायकोची थट्टा चालली आहे.

मी काशिवाझाकीच्या धक्क्यावर मासे विकत वाढले. वारा, लाटा, खलाशांच्या शिव्या, सगळं पचवलंय. बर्फाला काय भ्यायचं? सासूबाईंचं नाव तोमे. पाठ वाकलेली, पण जीभ ताठ. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी माझा दंड चाचपला, बाजारात बैल बघावा तसा. म्हणाल्या, "हा चालेल. पहिलीचा दंड म्हणजे नुसती काटकी." पहिली म्हणजे सावा, ह्यांची आधीची बायको. गेल्या हिवाळ्यात ती बर्फात गेली, एवढंच लग्न जुळवणाऱ्याने सांगितलं होतं. मीही जास्त विचारलं नाही.

ही वही ह्यांनीच दिली. म्हणाले, हिवाळ्यात इथे तोंड मिटून बसावं लागतं, तुला ते जन्मात जमायचं नाही, तेव्हा हिच्याशी बोल. मला नवरा आवडला.

८ नोव्हेंबर

गावातले सगळे पुरुष आज खाली मैदानात गेले, साकेच्या भट्ट्यांवर. दरसालचंच आहे. भात कापून झाला की पुरुष दारू गाळायला जातात आणि बायका बर्फ उपसायला राहतात. शेजारच्या इसेमावशी म्हणाल्या, देवाने वाटणी बरोबर केली आहे, ते पितात आणि आपण झिंगतो. हे जाताना सासूबाईंसमोर फक्त खाकरले. मग वळणावरून परत आले, जोड्याची दोरी विसरलो म्हणून, आणि कानात म्हणाले की पंधरा जानेवारीच्या छोट्या नववर्षाला नक्की येतो. दोरी पायातच होती.

११ डिसेंबर

वाट बंद व्हायच्या आत शेवटच्या टपालाने ह्यांना पत्र धाडलं. मला दिवस गेलेत. सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी एक मोठा मुळा बर्फातून उकरून आणला आणि त्यातला मधला गोड तुकडा माझ्या वाडग्यात टाकला. तो मधला तुकडा त्या कुणाला देत नाहीत.

बर्फाबद्दल माझं चुकलंच. आभाळ फाटल्यासारखं पडतंय. ताजं असतं तोवर कापूस, फुंकर मारली तर उडतं. पण ते तसं राहत नाही. वरचं खालच्यावर बसतं, खालचं दबतं, आणि थोड्याच दिवसांत त्यात फावडं शिरत नाही, करवत लावावी लागते. माणसाच्या उंचीचं बर्फ गुडघ्याएवढं होतं आणि वजन तेवढंच राहतं. बसताना ते एकटं बसत नाही. ज्याला धरलं असेल त्याला घेऊन बसतं. कुंपणाचे खांब मोडतात, फांद्या खोडातून उपटल्या जातात.

म्हणून इथे वळचण सोडवतात. छपरावरचं बर्फ वाढतं, जमिनीवरचंही वाढतं, आणि वळचणीपाशी दोघं एक होतात. मग खालचं बसायला लागलं की वळचणीला धरून छप्पर ओढतं. सासूबाई कमरेला दोरी बांधून मला वर घेऊन गेल्या आणि तो सांधा करवतीने कापायला शिकवला. "छपराने जमिनीचा हात धरला की घर गेलं म्हणून समज," म्हणाल्या. मागची बाजू मात्र त्यांनी एकटीनेच कापली. मला तिकडे येऊ दिलं नाही.

२३ डिसेंबर

आता घर पुरतं बर्फात बुडालंय. खालच्या मजल्याला चहूबाजूंनी फळ्या लावल्या आहेत, दिवसासुद्धा दिवा लागतो. आज दुपारी मी आगटीपाशी हेरिंग भाजत होते आणि मागच्या भिंतीतून दण्णकन आवाज आला. माझ्या हातून मासा राखेत पडला. सासूबाई भिंतीकडे तोंड करून, बहिऱ्याशी बोलावं तशा मोठ्याने म्हणाल्या, "बर्फ बसतंय!" असं तीनदा. मग मला म्हणाल्या, मासा धू.

संध्याकाळी वाट तुडवायची आमची पाळी होती. पायाला वेताची कडी बांधून इसेमावशींबरोबर बर्फ तुडवताना त्यांना विचारलं. आधी त्यांनी उडवून लावलं. मग हळूच सांगितलं. गेल्या जानेवारीत सावा मागची वळचण सोडवायला एकटी चढली, घसरून खाली फळ्यांपाशी गेली आणि छपराचं बर्फ तिच्यावर आलं. आत जागा राहिली असावी. ती फळ्यांवर वाजवत होती. वाटेवरून जाणाऱ्या सगळ्यांनी ऐकलं.

मी विचारलं, मग खणलं का नाही?

"माझ्या लग्नाआधी एका घरी खणायला गेले होते," त्या म्हणाल्या. "एकीला काढायला दोघं गेले, वळचणीने तिघांना खाल्लं. तेव्हापासून ठरलंय. बर्फाखालून कुणी वाजवलं तर तीनदा मोठ्याने म्हणायचं, बर्फ बसतंय, आणि चालू पडायचं. ओ दिली की ते ओढून नेतं. आणि ऐक पोरी, खालच्याला वरचं सगळं ऐकू येतं म्हणतात. वरच्याला खालचं नाही, लाकडावर वाजवलं तरच. म्हणून मोठ्याने म्हणायचं. त्यांनाही कळावं की आशा नाही."

मला हे गाव आज आवडलं नाही.

७ जानेवारी

तीन दिवस वादळ. हात पुढे केला तर हात दिसत नाही. वरची मागची खिडकी सासूबाईंनी आतून खिळे ठोकून बंद केली आहे. मी म्हटलं, हे आले तर कुठून येणार? त्या म्हणाल्या, अजून आठवडा आहे, वादळ थांबलं की काढू. वादळात त्या खिडकीतून येणारं माणूस नसतं म्हणे.

दुपारी धप्प आवाज झाला. छपरावरून मोठं काहीतरी गेलं. सारं घर हललं. आणि मग मागच्या भिंतीत टकटकटक.

हे दण्णकन नव्हतं. तीन ठोके. थांबून पुन्हा तीन.

सासूबाईंचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि दोघींनी मिळून तीनदा म्हटलं. माझा आवाज फुटेना, तर त्यांनी चिमटा काढला.

८ जानेवारी

दिवसभर वाजत होतं. मी विचारलं, खणून बघू का? सासूबाई म्हणाल्या, "सावाला जाऊन बरोबर वर्ष झालं. आली आहे ती. तुझ्या पोटातलं न्यायला आली आहे. दे ओ, दे!" मी कानात बोटं घातली. पोटावर उशी बांधली.

९ जानेवारी

किती दिवस भ्यायचं? आज माझा संताप झाला. मी भिंतीपाशी गेले आणि धक्क्यावरच्या आवाजात सांगितलं, "सावाबाई, पुरे झालं! घर माझं आहे, मूल माझं आहे, नवराही माझा आहे. मेलात ना? मग मुकाट पडून राहा!" सासूबाई हसल्या. ह्या घरात आल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मीही हसले. दोघी खूप वेळ हसलो.

ठोके थांबले. मग एकच आला, हलका.

१० जानेवारी

सगळं शांत. जीव भांड्यात पडला. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या जिभेला मेलेलीसुद्धा भ्याली. जेवताना पुन्हा मुळ्याचा मधला तुकडा दिला. वरच्या खिडकीचे खिळे काढले. हे येतील आता.

१४ जानेवारी

इसेमावशींचे यजमान कान्जिरो भट्टीवरून आले. खिडकीतूनच ओरडून विचारलं, कुठे आहे बाप होणारा? साके लपवून ठेवलाय की काय?

मी म्हटलं, ते कुठे आलेत?

कान्जिरोंचं हसू तसंच राहिलं. म्हणाले, तुझं पत्र आल्यावर तो थांबतोय होय, आमच्या आधी दहा दिवस निघाला. वादळाच्या आधीच खिंड ओलांडली असणार.

सासूबाई खाली बसल्या.

माझ्याच पत्राने —

१५ जानेवारी

खणलं. वादळ नाही म्हणून, आणि आता कुणी वाजवत नाही म्हणून खणायला हरकत नव्हती. बर्फ इतकं बसलं होतं की करवतीने दगडासारखे ठोकळे कापून काढावे लागले.

ते खिळे मारलेल्या खिडकीच्या बरोबर खाली होते. फळीला टेकून, गुडघे छातीशी. चारी बाजूंनी दाबले गेलेले. काढताना अंगाबरोबर फळी आली. बोटांना नखं नव्हती.

कोटाच्या आत वाळवलेला माकूल मासा होता. माझ्या काशिवाझाकीचा. मला समुद्राची आठवण येते म्हणून आणला असणार. अर्धा खाल्लेला. म्हणजे हे जिवंत होते. पुष्कळ जिवंत होते. मी बोलले ते सगळं ह्यांनी ऐकलं. मुकाट पडून राहा म्हटलं, तर मुकाट पडून राहिले. मग हसलो तेही ऐकलं.

सासूबाई मला म्हणाल्या, "तू मारलंस त्याला."

मी म्हटलं, "शिकवलं तुम्ही. खिळेही तुमचेच."



२२ जानेवारी

पुरुष परत भट्टीवर गेले. खणलेला खड्डा नव्या बर्फाने भरला.

आज मागच्या भिंतीत टकटकटक.

मी सवयीने तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात दाबला आणि भिंतीला म्हणाल्या, "आले रे बाळा. आले हं."

ओ दिली त्यांनी.

३ फेब्रुवारी

सासूबाई भिंतीपासून हलत नाहीत. तिथेच जेवतात. मुळ्याचा मधला तुकडा फळीच्या फटीत सारतात. सकाळी पाहिलं तर फट रिकामी असते. उंदीर असतील.

वळचण सोडवायला चढते म्हटलं तर विळा घेऊन आडव्या आल्या. त्याला लागेल म्हणे. इसेमावशी मदतीला आल्या तर त्यांच्या अंगावर धावून गेल्या. मावशी जाताना म्हणाल्या, पोरी, तू तरी माझ्याकडे ये. म्हटलं, बर्फ थोडं थांबलं की येते. सासूबाईंना असं एकटं कसं सोडू?

छपराने जमिनीचा हात धरलाय. खांब कण्हतात.

११ फेब्रुवारी

पाऊस. बर्फावर पाऊस म्हणजे सगळं पाणी पिऊन शिशासारखं — खाली बसतंय, दर घटकेला — मागची वळचण वाकून फळ्यांना टेकली. दार उघडत नाही, चौकट तिरकी झाली. वरची खिडकी पण.

उद्या मावशींकडे. उद्या नक्की. पाऊस थांबला की.

सासूबाई भिंतीशी गप्पा मारताहेत. मध्ये थांबतात, ऐकतात, मान हलवतात. म्हणाल्या, तो विचारतोय, नुई का बोलत नाही? तेव्हा तर खूप बोलत होती.

—

अंधार. वही छातीशी होती. पेन्सिल सापडली. ओळी एकमेकींवर जात असतील.

छप्पर मागून आलं. आढं माझ्या पायांवर. आधी सासूबाईंचा आवाज येत होता, आले रे, आले, असा. आता नाही.

पोटातलं हलतंय. अजून हलतंय.

फावड्याचा दांडा हाताला लागला. तुळईवर वाजवते. तीन. थांबून तीन.

—

पावलं. वरती. वेताची कडी, चर्र चर्र — आज वाट तुडवायची पाळी इसेमावशींची —

खालच्याला सगळं ऐकू येतं. खरं आहे. त्यांचा श्वास पण येतो.

वाजवतेय. वाजवतेय. मावशी मी आहे, सावा नाही, मी नुई —

थांबल्या.

म्हणाल्या. मोठ्याने. बर्फ बसतंय.

दुसऱ्यांदा.

आता तिसऱ्यांदा म्हणताहेत, रडत म्हणताहेत, माझं नाव घेऊन रड — मावशी तुम्हाला माहीत आहे — पावलं —