सांबराची शिंगं

चंद्रपूर, ५ एप्रिल २०२५

ती. कमळाताईस,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि अर्धं सिरोंचा ऐकायला. म्हणून पत्र.

तुझ्या पवनच्या हाती हळदीला द्यायची बाबांची शिकारीची सुरी साफ करायला घेतली. चामड्याच्या म्यानात राहून पुरती गंजली होती. आधी रॉकेल लावलं, मग विटेची भुकटी, मग पॉलिश पेपर. पातं आरशासारखं झालं. त्यावर कोरलेल्या सांबराची शिंगं मात्र गेली.

नजरचुकीनं गेली असं लिहिणार होतो. पण त्या दिवशीची डायरी काढून पाहिली; डावं शिंग फिकट झालेलं मी पाहिलं होतं. तरी दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून उजवंही घासलं. उलट सांबराला आता हनुवटीखाली दाढी आणि वर वळलेलं शेपूट निघालं आहे. तुझी भावजय दीपाली म्हणते, वासरू दिसतं.

बाबांची हीच एक वस्तू आपल्याकडे उरली होती. तुझा लोभ आजवर आहे, तो या पत्रानंतरही टिको.

तुझा
प्रफुल

---

सिरोंचा, १२ एप्रिल

चि. प्रफुलले,
ताईचे आशीर्वाद, दातओठ खाऊन.

अरे, काऊन घासत बसला? लहानपणी पाटी धुऊन धुऊन तिची चौकट सुटी केली होती, तेच लक्षण अजून गेलं नाई. इथी मी व्याह्याले सांगून बसली का माह्या बाबानं याच सुरीनं सांबर पाडलं. व्याही श्रीहरीभाऊ वनखात्यात तीस वर्षं नोकरी करून रिटायर झाले. ते म्हणे, जुन्या काळची गोष्ट हाय म्हणून माफ, पण सुरी पाह्यतोच. नवरदेव सुरी हळदीपासून लग्न लागेपर्यंत हातातून खाली ठेवत नाई. दोन दिवस सारा मांडव वासरू पाहीन का?

ज्यानं ते सांबर कोरलं तो जंगू लोहार अहेरीकडं अजून जिवंत हाय. जा आन् शिंगं काढून आण. पोराच्या लग्नात मले खोटं पाडू नको. दीपालीले सांग, तुह्या हाती पॉलिश पेपर देऊ नको म्हणा.

राग उतरला का माया लिहून पाठवीन.

कमळाताई

---

चंद्रपूर, २१ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. या वेळी जरा जास्तच वाकून.

अहेरीला जाऊन आलो. बसमध्ये कंडक्टरला आधीच सांगितलं की पिशवीत सुरी आहे. त्यानं मला ड्रायव्हरच्या मागं, नजरेसमोर बसवलं. खरं बोलल्याचं समाधान अहेरीपर्यंत पुरलं.

जंगूबाबा ऐंशीच्या पुढे आहेत. पातं उन्हात धरलं आणि खोकला येईपर्यंत हसले. त्यांनी सांबर कोरलंच नव्हतं, ती बिनशिंगी शेळी आहे. आपले बाबा मित्रांबरोबर शिकारीला गेले आणि रानात चुकले. दुसऱ्या दिवशी घंटा वाजवत चाललेल्या एका शेळीमागं चालत ते गावाला लागले. तिची आठवण म्हणून ही सुरी करवून घेतली. पुढं स्वतःच्या लग्नात सासरे सुरी पाहणार म्हणून त्यांनीच खिळ्यानं तिला शिंगं ओरखडली. म्हणून तर ती इतक्या लवकर निघाली.

शिंगं परत काढा म्हटलं, तर ते म्हणाले, तुह्या बापाचं खोटं मी माह्या हातानं काऊन कोरू? सुरी म्यानात ठेवू नये, कोरडी पुसून मोहाच्या बियांचं तेल लावावं, आणि मी तिच्यापासून दूर राहावं, असंही सांगितलं.

आता श्रीहरीभाऊंना हळदीआधी सांगायला हवं. गप्प राहणं हेही खोटंच ना? पण मांडव तुझा आहे. तू नको म्हटलंस तर गप्प राहीन. झोप मात्र लागणार नाही. 'हो' किंवा 'नाही' एवढंच कळव, लोभ त्यात आलाच.

प्रफुल

---

सिरोंचा, ९ मे

चि. प्रफुलले,
अनेक आशीर्वाद, आता राग नाई.

'हो' लिहिण्याआधी मी दोन डाव 'नाई' लिहून खोडलं होतं, ते आज सांगून राह्यली. तू भर मांडवात शेळीची गोष्ट सांगून राह्यला होता तवा मी मयुरीच्या, माह्या सुनेच्या, पाठीमागं लपली होती. श्रीहरीभाऊ उठून उभे राह्यले तशी मले वाटलं, मोडलं लग्न. मंग ते हळूच म्हणे का नोकरीच्या पहिल्याच साली तेही रानात चुकले होते, त्याइले एका म्हशीनं घरी आणलं, आन् हे त्याइनं बायकोलेही सांगितलं नव्हतं. आता बायको त्याइले दिवसातून चार डाव म्हशीची तब्येत पुसते.

आता खरी गोष्ट. सुरीच्या टोकाले लिंबू खोचलं होतं. पवननं दोन दिवस टोक वर धरून ठेवलं, रस पात्यावरून खाली उतरला. काल लिंबू काढून पुसलं त पात्यावर काळे डाग. कुठी? बरोबर शेळीच्या डोक्यावर, दोन, वर जाऊन फाटे फुटलेले. पवन म्हणे, आजोबाचं सांबर परत आलं.

सुरी पवनसोबत तुह्याकडं पाठवून राह्यली. तेल लाव, पुस, सांभाळ. पण शेळीच्या कानाच्या वर फडकं नेशीन त माही आन हाय. तू एवढं खरं सांगितलं तरी बाबानं ऐकलं नाई. आता तूच ऐकून घे.

माया होतीच, आता लिहून पाठवली.

कमळाताई