या वेळी मीटिंगला मी गेले

प्रिय रणजीत,

पुण्याचं काम लांबलंय, या वेळची पालकांची मीटिंग राहू दे, मिसशी मी फोनवर बोलेन, असा तुझा मेसेज आला. मी राहू दिली नाही. तनयला घेऊन राजाजीनगरहून रिक्षाने मल्लेश्वरमला शाळेत गेले.

लग्नानंतर तू माझ्या मराठीला हसायचास, तेव्हा मीही हसायचे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे. बोलताना मध्येच कन्नड 'स्वल्प', 'सरी' येणारच. मग तनय शाळेत जायला लागला आणि तू म्हणालास, "तिथे सगळं इंग्रजीत चालतं. तुझी फजिती होईल, मीच जात जाईन." दर वेळी काहीतरी तक्रार घेऊन यायचास. गणित कच्चं आहे, कुणात मिसळत नाही, आईच्या लाडांनी बिघडलाय असं मिस म्हणतात. मी रडायचे. तुझं ऐकून त्याचा तबला बंद केला, रविवारी माझ्या अक्काकडे नेणंही बंद केलं.

महानंदा मिस मला पाहून उभ्याच राहिल्या. कन्नडमध्ये म्हणाल्या, "आता बऱ्या आहात ना? तुम्हाला घराबाहेर पडवत नाही, माणसं ओळखू येत नाहीत, असं तनयचे वडील सांगत होते." मी खुर्ची ओढून बसले आणि एकेक विचारत गेले. गणितात तो वर्गात पुढे आहे. मधल्या सुट्टीत सगळा घोळका त्याच्याभोवती. आणि माझ्याबद्दल तक्रार? "छे हो! मी तर दर वेळी म्हणते, बरं वाटलं की आईंना आणा. तनय सारखा तुमच्याबद्दलच बोलत असतो." मग त्या घुटमळल्या. मुलाचं सगळं बापच बघतो, आई असून नसल्यासारखी, असं कोर्टात सांगाल का, हे तू मागच्या मीटिंगला त्यांना विचारलंस म्हणे.

कोर्टात, रणजीत! त्या दिवशी तू घरी आलास, तेव्हा मी तुझ्यासाठी थालीपीठ लावत होते. तू दोन खाल्लीस, वर आणखी लोणी मागितलंस.

मी तिथूनच मिसना घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेले. सगळं कन्नडमध्ये सांगितलं. इंग्रजीची गरजच पडली नाही.

हे पत्र भांडायला नाही, बोलावणं म्हणून लिहिते आहे. येत्या शनिवारी मुख्याध्यापिकांनी आपल्या दोघांनाही शाळेत बोलावलंय. महानंदा मिस असतील, माझ्या शेजारी माझ्या वकीलबाई असतील. त्या सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघून, मला काय आजार आहे ते तू सांगायचं. आला नाहीस तरी चालेल. कोर्टात खरं काय ते सांगायला मिस आणि मुख्याध्यापिका दोघी तयार आहेत. पण तू ये. तुझी इतक्या आतुरतेने वाट मी कधीच पाहिली नव्हती.

कोर्ट सांगेल तोवर तुझीच,
कौशल्या