अन्नपूर्णाचं मीठ

६ मे, मंगळवार

१. कुरखेड्याजवळच्या अन्नपूर्णाला आठवड्याचा फोन केला. जीभ जड.
२. हात थरथरतात. सकाळपासून उलट्या.
३. मन ताळ्यावर ठेवणारी लिथियमची गोळी रोज घेतली. एकही चुकली नाही.
४. डॉक्टरांना लगेच कळवलं — गोळी बंद, ताबडतोब दवाखाना. नवरा निकेश गाडी करून तिला घेऊन निघाला.

मी इथे चंद्रपुरात, फोनवरची नर्स. मला फक्त ऐकू येतं, दिसत नाही. झोप, गोळी, पाणी, जेवण — दर मंगळवारी सगळं विचारते. मग काय सुटलं?

६ मे, संध्याकाळ

रक्तात लिथियम फार वाढलंय. बोलता बोलता निकेश सहज म्हणाला, ती चैतापासून अळणी खाते. "बरी झाली म्हणून देवीले बोलली. दिवाळीपर्यंत मीठ नाई."

मीठ! मीठ बंद केलं की लिथियम अंगातच साठतं. मी 'जेवलात का' विचारत होते. 'काय जेवलात', कधीच नाही.

७ मे, बुधवार

सलाईन लावू देत नाही. निकेशने फोन तिच्या कानाला लावला.

"सिस्टरबाई, ते मिठाचंच पाणी हाय न?"

खोटं बोलता आलं असतं. हो म्हणाले.

"मंग नाई. नवस मोडला तं ते पुन्हा येईन."

'ते' म्हणजे काय, मला माहीत आहे. मागच्या उन्हाळ्यात आठवडाभर झोप नाही, गात गात जंगलात निघून गेली होती. नंतर महिनोन् महिने खाटेवरून उठली नाही. तिला त्याची भीती आहे. मला आजच्या रात्रीची.

तिच्या सासूबाई रुखमाबाईंना फोन केला. नवस दुसऱ्या कुणी घेतला तर चालतो का? चालतो म्हणाल्या. पण त्यांचा स्वतःचा एक आधीच चालू आहे — "आता किती देव अंगावर घेऊ?" निकेश तयार होता. तो तेंदूपानांच्या तोडणीला जाणार, दिवसभर उन्हात, तेही मिठाशिवाय. मीच नको म्हटलं.

रुखमाबाई म्हणाल्या, "घरचंच माणूस पायजे असं नाई. तुमी तं दर मंगळवारी इचारता, जेवली का म्हणून."

फोन ठेवला.

७ मे, दुपार

निकेशला पाठवलं: 'अन्नपूर्णाचा नवस मी घेतला. दिवाळीपर्यंत मीठ मी खाणार नाही. तिला हे सांगा आणि सलाईन आत्ताच लावू द्या. रक्ताचा पुढचा रिपोर्ट शुक्रवारपर्यंत कळवा.'