शेंगांची फोलपटं

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे.

त्या दिवशी तुम्ही फळ्यावर एक लांब साखळी काढली होती. स्वादुपिंडातल्या पेशी एकदम इन्सुलिन बनवत नाहीत, आधी हे लांबलचक प्रथिन बनवतात. मग एन्झाइम ते दोन जागी कापतात. दोन बाजूंचे तुकडे एकमेकांना धरून राहतात, ते इन्सुलिन. मधला तुकडा सुटा होतो. मी उभी राहून विचारलं, त्या मधल्या तुकड्याचं काय होतं? तुम्ही हसलात. "कचरा आहे तो. घरी तुरीच्या शेंगा सोलतेस ना? फोलपटांचं काय होतं, हे आईला विचारतेस का?" सगळा वर्ग हसला. तुमच्या तासाला मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

आता ऐका. सौंसरला माझ्या भाच्याच्या मुलीला लहान वयातच मधुमेह झाला. गेल्या आठवड्यात गेले तर भाचा म्हणतो, "आत्या, शुगर तं बरोबर येऊन राहिली. शनिवारी जामसावळीच्या मारुतीले नारळ फोडू न सुई बंद करू."

"सुई चालू हाय म्हणून बरोबर येऊन राहिली, येड्या!"

"तुम्ही कॉलेज शिकल्या, तुमचा देवावर भरोसाच नाही," भाच्याची बायको, आमची सून, तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली.

नागपूरहून पोरीच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. डॉक्टरांनी तुमचा तो कचराच मोजायला सांगितला होता. इन्सुलिन जितकं अंगात बनतं, तितकाच मधला तुकडा रक्तात उतरतो. सुईतल्या इन्सुलिनबरोबर तो येत नाही. पोरीच्या रक्तात तो जवळजवळ नव्हताच.

मी सुनेपुढचं सोललेल्या दाण्यांचं सूप ओढलं. "हे सोले घरचे, कशावरून?"

"फोलपटं पडली न समोर."

"अन् बाजारातून सोललेले आणले असते तं?"

"तं फोलपटं नसती पडली," ती म्हणाली. "पोरीच्या अंगात बाजारचेच सोले हायेत," मी म्हटलं. "घरी फोलपट नाही. सुई बंद केली तं पोरगी जाईन."

 शनिवारी ते जामसावळीला गेले, नारळ फोडला. सुई सोबत नेली होती.

ज्याला तुम्ही कचरा म्हणालात, त्यानं आमची पोर वाचवली, सर. विचारणारीला हसायचं नसतं.

एक मात्र आहे. फोलपटांचा दाखला मला ऐनवेळी सुचला तो तुमच्याच टोमण्यातून. पण हे तुम्हाला कळू देणार नाही. कागद घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकते आहे.