मिनिटाला छप्पन रुपये

२ नोव्हेंबर
५ डिसेंबरला लग्नाला पंचवीस वर्षे. रीताला विमानाने हैदराबादला, आमच्या मोनालीकडे नेणार. पोरगी तिकडे नोकरीला लागल्यापासून रीताची हीच एक मागणी. मिलमधला दुर्गाप्रसाद म्हणाला, विमान म्हणजे पैशांची नासाडी. त्याला मोबाईलवर दाखवले: अवकाशात अकरा मिनिटे जाऊन यायचे चार कोटी. मिनिटाला छत्तीस लाख. आमचे बिरसी विमानतळावरून तिकीट चार हजार दोनशे, प्रवास सव्वा तास. मिनिटाला छप्पन. हिशेब आपला पक्का. वीस वर्षे राईस मिलच्या धर्मकाट्यावर ट्रक तोलत बसतो मी.

३ नोव्हेंबर
दोन तिकिटे काढली. पैसे परत मिळणारे तिकीट महाग होते. घेतले नाही. रद्द कशाला करणार?

९ नोव्हेंबर
एक विचार आला. चार कोटी घेणारे माणसाला नीट खाली आणून सोडत असतील. छप्पन रुपये मिनिटात कोण एवढी काळजी घेणार? भीती नाही. क्वालिटीचा प्रश्न आहे.

१४ नोव्हेंबर
रीताला समजावले. अवकाशाचे रेट उतरत आहेत, दहा-वीस वर्षे थांबू, थेट वरच जाऊ. मधल्या पायरीवर वेळ कशाला घालवायचा? म्हणाली, मंडईच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यावर तर बसत नाही तुमी, अन् अवकाशात जाऊन राहिले? विषय बदलला.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
मंडईत आकाशपाळण्यावर बसलो. ट्रेनिंग म्हणून. अर्ध्या फेरीत पाळणा थांबवावा लागला. पाळणेवाला म्हणतो मी ओरडत होतो. मी सूचना देत होतो.

१ डिसेंबर
बीपी तपासले. डॉक्टर म्हणाले, एकदम नॉर्मल, खुशाल जा. दुसरा डॉक्टर पाहावा लागेल.

५ डिसेंबर, सकाळ
धानाचा सीझन. ट्रकची लाईन लागली आहे, माझ्याशिवाय काटा कोण पाहणार? मालकाने दिलेली सुट्टी परत केली. रीता एकटीच बिरसीला गेली. भांडली नाही. भांडली असती तर बरे वाटले असते.

५ डिसेंबर, दुपार
फोन आला. पोहोचली. भेव गिव काही नाही लागला म्हणे. बाजूची सीट रिकामीच होती. वरून आपला मिल दिसला, मी हात हालवला, तुमाले दिसली का, असे विचारले. हो म्हणालो. विमानाचा आवाज आला तेव्हा मी टेबलाखाली पेन शोधत होतो.

माझे चार हजार दोनशे, प्रवास शून्य मिनिटे. कॅल्क्युलेटरवर भागून पाहिले. एरर आला. अवकाशापेक्षा महाग पडले.

पुढच्या वर्षीही जाणार म्हणाली. तिकीट एकच काढा, म्हणाली.