रविवारी येशूचा, सोमवारी शांगोचा

५ जुलै

उत्सवाला ढोलवाला मिळाला म्हणे! बाबा मोग्बा स्वतः सांगायला आले. देवळाचे मुख्य पुजारी गुडघे धरून माझ्या ओट्यावर चढतात, म्हणजे बातमी वाईटच असणार. होतीही. आयांदिरान – आमच्या म्हाताऱ्या आयांकोजोचा पुतण्या. घराणं ढोलवाल्यांचंच, ते ठीक. पण हे रत्न दर रविवारी मोठ्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये वाजवतं! पांढरा सदरा, पाठीवर येशूचं नाव.

मी विचारलं, शांगोच्या देवळाच्या अंगणात काय घालून येणार? मोग्बा म्हणाले, गावात दुसरं उरलंय का कुणी?

नाही उरलं. तेच तर रडणं आहे.

७ जुलै

आयांकोजो गेल्यापासून उत्सव जवळ आला की रात्री उठून बसते. तो थोरला बाता ढोल गळ्यात अडकवायचा – एका तोंडावर पंजा, दुसऱ्यावर चामड्याची पट्टी – आणि शांगोला एकेका नावाने हाका मारायला लागायचा. मग माझे पाय माझे राहायचे नाहीत. भानावर यायची तेव्हा कुणीतरी पाणी पाजत असायचं, अंग ठणकत असायचं, मधलं काही ठाऊक नसायचं. शांगो माझ्यात येऊन, नाचून, गावाशी बोलून गेलेला असायचा.

मागच्या वर्षी नाही आला. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. मी नाचले, घाम गाळला, पण शेवटपर्यंत माझी मीच राहिले. सगळ्यांना कळलं. तोंडावर कुणी बोललं नाही. पाठीमागे बोलायला मात्र या एडेसारखं गाव नाही!

दोष ढोलवाल्यांचा. मागच्या वर्षी ओशोग्बोहून आणलेला तो गृहस्थ देवाला बोलावत होता की कोंबड्या हाकलत होता, कळायला मार्ग नव्हता. देवालाही कळलं नसणार.

१० जुलै

आयांदिरान आला. जमिनीवर पालथा पडून नमस्कार केला, मला इया – आई – म्हणाला, तेवढं वळण आहे. खिशातला फोन मध्येच भजन म्हणायला लागला. माझ्या घरात! मी विचारलं, बाबा रे, तुझा देव नक्की कोणता? हसला.

"इया, ढोलाला देव विचारत नाही मी. हाक कुणाला मारायची ते सांगा, मारतो. आणि चर्चमध्ये जेवण फार चांगलं असतं."

निर्लज्ज. निदान खोटं तरी बोलायचं.

११ जुलै

कंदाच्या पिठाचा आमाला रांधला आणि तसाच कोंबड्यांना घातला. चर्चमधलं जेवण म्हणे!

१४ जुलै

सराव ऐकायला गेले. जायला नको होतं. ढोल बोलतो तो सुरांनी – उंच, मधला, खालचा – आपल्या बोलीसारखाच. सूर घसरला की शब्दच बदलतो. ह्या पठ्ठ्याने 'आगीचा धनी' म्हणायचं तिथे मला 'भाजीचा धनी' ऐकू आलं! विजांच्या देवाला कुणी भाजी विकायला बसवतं? मी तिथल्या तिथे सांगितलं. साथीचे दोघे हसले.

त्याला राग आला नाही, हेच मला सहन होईना. उलट जवळ येऊन बसला, काका कसं म्हणायचे म्हणून विचारायला लागला. मी तोंडाने म्हणून दाखवलं. त्याने वाजवलं. चूक. परत म्हटलं. परत चूक. ऊन उतरेपर्यंत हेच. घसा बसला माझा. शिकवायला मी काय याची आई आहे?

उद्याही येणार आहे म्हणे.

१९ जुलै

दोयीनला उत्सवात लाल वस्त्र नेसून यायला सांगितलंय मोग्बांनी. माझी भाची – बहीण गेली तेव्हापासून मीच वाढवलेली – बाजारात कापड विकते, गिऱ्हाइकाने आवाज चढवला तर रडवेली होते. विजा कडाडल्या की अजून माझ्या खोलीत पळत येते. ही शांगोला अंगावर घेणार!

"मावशी, मी नुसती मागे उभी राहीन," म्हणते.

नुसती. नुसतं उभं राहायला लाल वस्त्र लागत नाही. मी जेवायला वाढलं नाही तिला. तिने आपलं आपण घेतलं, माझंही वाढून ठेवलं.

२२ जुलै

मोग्बा परत आले. इकडचं तिकडचं झालं, पाऊस झाला, उत्सवातल्या बळीच्या मेंढ्याची चौकशी झाली. मग म्हणाले, "इया, देवालाही कधीतरी तरुण पाय हवेसे वाटतात."

स्वतः काठीशिवाय परसात जात नाहीत! मी दार लावून घेतलं.

आयांदिरानचा ढोल इथपर्यंत ऐकू येतोय. आज एकही शब्द चुकला नाही. चुकायला हवा होता असं नाही. पण एवढ्यात येतं म्हणजे काय!

२३ जुलै, सकाळी

वस्त्र कमरेत ढिलं होतंय. दोयीनने टाचून दिलं. टाचणी बोटात घुसली – तिच्या. मला लागली नाही. निघते.

२४ जुलै

आला! आला! ढोलाने दुसरी हाक मारलेली आठवते, पाय गरम झालेले आठवतात. पुढचं काही नाही. डोळे उघडले ते घरात, चटईवर. ओठ फुटलाय, खांदे भरून आलेत. किती बरं वाटतंय.

आता बोला म्हणावं मोग्बांना. पण ते फिरकलेच नाहीत. दोयीनही नाही आली. पोटात दुखत असणार, दुसरं काय! एवढं वाढवलं, आणि मावशीचं भलं बघवत नाही.

२५ जुलै

शेवटी आयांदिराननेच सांगितलं. बाकी कुणाची छाती झाली नाही.

शांगोने माझाच हात वर करून ढोल थांबवला. दोयीनला मनगट धरून अंगणाच्या मध्ये आणलं आणि सगळ्या गावादेखत म्हणाला – "ही म्हातारी मला पुष्कळ वागवून थकली. हिला घरी न्या, जेवू घाला. पुढच्या वर्षीपासून मी या पोरीकडे येईन."

मी विचारलं, माझ्या आवाजात?

"आवाज शांगोचा, इया. तोंड तुमचं."

आता कुणाला नावं ठेवू?