नळ्यांची बरणी

सोलापूर, १९ एप्रिल १९७७

प्रिय माया,

तुझं कार्ड मिळालं. शेळी व्याली, दोन करडं झाली, हे मी दाजींना वाचून दाखवलं. हसले बिचारे. "दोन्ही पाटी हायत का एखादा बोकड हाय, इचारा की," म्हणाले.

ताप मात्र हटत नाही गं. रेल्वेच्या कारखान्यात कंबर चेंगरली ती सांधली, तेव्हा तुझ्याइतकीच मीही सुटले होते. पण लघवीसाठी नळी घातली आणि तिथून दुखणं शिरलं. इंजेक्शन दिलं की ताप उतरतो, तू नवस फेडायचं लिहितेस, आणि आठ दिवसांत ये रे माझ्या मागल्या. तीनदा नळी बदलली. दर वेळी तेच.

आमच्या वॉर्डात नवे डॉक्टर आलेत, भारी चिकाटीचा माणूस. त्यांनी काढलेली नळी उभी चिरून दाखवली. आतून बुळबुळीत थर होता, रांजणाला धरतो तसा. जंतू त्यात घर करून राहतात, औषध वरून निघून जातं, म्हणाले. मग नळ्या बुडवून ठेवायची जंतुनाशकाची बरणी त्यांनी पालथी केली आणि आत बोट फिरवलं. तिथंही तोच थर! तपासणीत जंतूही तेच निघाले. आता दाजींची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. रक्त शुद्ध करायचं यंत्र मुंबईला आहे, पण तिथवरचा प्रवास त्यांना झेपायचा नाही. खोटा धीर देत नाही माया, आशा नाही.

वॉर्डातली ती बरणी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. आपल्या वळसंगात पिठाचा डबा कुणी खरवडून रिकामा करत नाही. तळाशी मूठभर ठेवायचं आणि वर नवं ओतायचं. चार वर्षं मी त्या बरणीचं तेच केलं. औषध कमी झालं की वरून भर घालायची, घासली एकदाही नाही. भरलेली बरणी बघून मला बरं वाटायचं. दाजींच्या सगळ्या नळ्या मीच तिच्यातून काढून दिल्या. मला इथं कुणी रागावलंही नाही. तू आल्याआल्या माझ्या गळ्यात पडून रडशील आणि मी गप्प राहून तुला थोपटत बसेन, याची मला भीती वाटली, म्हणून आधीच लिहिलं. टपालाला उशीर होईल, रेल्वेच्या गार्डाच्या हाती पत्र देते आहे. मिळेल त्या गाडीनं ये. सरळ दाजींच्या खाटेपाशी जा. मी बाहेर व्हरांड्यात असेन. बोलावलंस तरच आत येईन.

म्हणवत नाही, तरी तुझीच बहीण,
वच्छला